आपत्ती मदतकार्यातील स्वयंसेवी व धार्मिक संस्थांचे सहकार्य

पूर, भूकंप, चक्रीवादळ, साथरोग अशा आपत्तींत स्वयंसेवी संस्था, धर्मादाय मंडळे आणि प्रार्थनास्थळांशी जोडलेले गट आपापसांत कामे वाटून घेऊन, सरकारी यंत्रणेच्या जोडीने मदतकार्य करतात, त्या पद्धतीला हे नाव आहे. प्रत्येक संस्थेचा निधी, पदाधिकारी आणि ओळख तिच्याकडेच राहते. सामायिक होते ती माहिती, कामांची वाटणी आणि वागण्याचे नियम.

ऑगस्ट १९६९ मध्ये कॅमिल चक्रीवादळाने मेक्सिकोच्या आखातालगतच्या अमेरिकी किनाऱ्यावर मोठी हानी केली. तेव्हा संस्था स्वतंत्रपणे धावून गेल्या. काही ठिकाणी एकच मदत दोनदा-तीनदा पोहोचली, तर काही ठिकाणी पोहोचलीच नाही. म्हणून १९७० मध्ये सात संस्थांनी एकत्र येऊन ‘नॅशनल व्हॉलंटरी ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्ह इन डिझॅस्टर’ हा समन्वय मंच उभारला. पुढे १९९४ मध्ये रेडक्रॉस चळवळ आणि इतर मदतसंस्थांची आचारसंहिता ठरली. कॅरिटास, लुथेरन वर्ल्ड फेडरेशन, जागतिक चर्च परिषद या धार्मिक संस्थाही तिच्या कर्त्यांमध्ये होत्या. राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी मदत वापरायची नाही, हे तिचे तिसरे तत्त्व. धर्मसंस्थांनी ते स्वतःहून स्वीकारले, याचे महत्त्व मोठे आहे.

सभागृह, मोठे स्वयंपाकघर आणि ओळखीची माणसे धार्मिक गटांकडे आपत्तीच्या आधीपासून असतात आणि बाहेरची पथके परतल्यावरही तिथेच राहतात. लोकांचा विश्वास ही तर त्यांची सर्वांत मोठी ताकद. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत मृतदेहाला स्नान घालण्याच्या प्रथेतून संसर्ग पसरत होता, आणि नुसत्या बंदीमुळे लोक लपूनछपून दफन करू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इस्लामिक रिलीफ, कॅरिटास, जागतिक चर्च परिषद आदींच्या साहाय्याने सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली. तीत पाण्याऐवजी कोरड्या शुद्धीची, कफनाची आणि धर्मगुरूच्या उपस्थितीची सोय होती.

कामांची वाटणी ज्याच्या-त्याच्या कसबानुसार होते. अमेरिकेत दक्षिणी बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची पथके मोठ्या स्वयंपाकघरांत रांधतात, रेडक्रॉस ते अन्न गाड्यांतून पोहोचवते, ॲडव्हेंटिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची संस्था गोदामे सांभाळते, तर मेनोनाइट या तिसऱ्या पंथाची पथके घरे पुन्हा बांधतात. अशी साखळी तुटते ती जोडांवर. गरम अन्न ६०° सेल्सिअसच्या खाली येता कामा नये, म्हणून डब्याचे तापमान गाडी निघताना आणि पोहोचल्यावर अशी दोनदा नोंदवावे लागते. किती पाने वाढली आणि किती अन्न परत आले, हा आकडा चालकाने संध्याकाळी स्वयंपाकघराला दिला नाही, तर दुसऱ्या दिवशी जुन्याच अंदाजाने शिजते. एव्हाना लोक दुसऱ्या छावणीत गेलेले असतात.

छावणीसाठी ‘स्फिअर’ ही मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानके आधाराला धरतात : दरमाणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, २० माणसांमागे एक शौचालय (अगदी सुरुवातीला ५० मागे एक चालते) आणि माणशी ३.५ चौ. मी. छताखालची जागा. प्रार्थनागृहात छावणी उघडताना नेमकी शौचालये कमी पडतात. ती वाढवता येत नसतील, तर आहेत तेवढी पुरतील इतकीच माणसे घ्यावीत. शिवाय अन्य धर्माचे लोक आत येण्यास बिचकतात. त्यांच्यासाठी वाटपाचे एक केंद्र शाळेत किंवा मोकळ्या मैदानात ठेवावे. रांगेत उभ्या माणसाला प्रार्थनेत ओढू नये. मागणी आली तर वेगळ्या जागी धर्मगुरू उपलब्ध करून द्यावा.

रोजच्या बैठकीचा गाभा म्हणजे ‘कोण, काय, कुठे’ हा तक्ता. त्यात गावाचे नाव पुरत नाही, वस्ती आणि घरांची संख्या लागते. नाहीतर रस्त्यालगतच्या वस्तीत मदतीचा ढीग पडतो आणि आतली वस्ती उपाशी राहते. आयत्या वेळी येणाऱ्या स्वयंसेवकांना थेट कामावर न पाठवता नोंदणी, विचारपूस, सुरक्षेची माहिती आणि ओळखपट्टी या क्रमाने घ्यावे. हजेरीपत्रकात नाव, ठिकाण, काम व तास हवेतच. अमेरिकेत आपत्तीच्या खर्चातला जो वाटा स्थानिक शासनाने उचलायचा असतो, त्यात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मूल्य धरता येते, पण कागद नसला की ते तास बुडतात. न मागता आलेले जुने कपडे ही नेहमीची डोकेदुखी : ते निवडण्यात माणसे अडकतात आणि गोदामात औषधांना जागा उरत नाही. आवाहनातच हव्या त्या वस्तू आणि संख्या लिहाव्यात.

पूर ओसरल्यावरच्या घरसफाईत आधी वीज व गॅस बंद, मग मालकाची लेखी परवानगी, मग नुकसानीची छायाचित्रे, आणि त्यानंतरच गाळाला हात लावावा. छायाचित्रांवाचून विम्याचा दावा लटकतो. लाकडी घरांत भिंतीचे भिजलेले अस्तर पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत काढून आतले लाकूड वाळवावे लागते. लाकडातली आर्द्रता सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय नव्या फळ्या ठोकल्या, तर आतून बुरशी धरते. सफाई एका संस्थेची आणि बांधणी दुसरीची असेल, तर आर्द्रतेची नोंद हस्तांतराच्या कागदावर असलीच पाहिजे.

खरी कसोटी पुनर्वसनात लागते, कारण तोवर देणग्या आटलेल्या असतात. समन्वयक एकेका कुटुंबाचे प्रकरण संस्थांच्या बैठकीत नाव न सांगता, क्रमांकाने मांडतो : छप्पर गेले आहे, विमा नाही, सरकारी अनुदान मिळाले पण अपुरे आहे. एक संस्था छपराचे पत्रे देते, दुसरी कारागीर, तिसरी उरलेली रक्कम. क्रम मात्र विमा, शासन आणि शेवटी देणगी असाच ठेवावा. घाईने आधी देणगी दिली, तर त्याच नुकसानीसाठीचे सरकारी साहाय्य कापले जाण्याचा धोका असतो, आणि तोटा कुटुंबाचा होतो. माहिती इतर संस्थांना दाखवण्यापूर्वी कुटुंबाची सही घेतात, आणि कोणकोणत्या संस्थांना ती दिसेल हे त्याच कागदावर लिहितात.