पोटरी भरून आल्यावर थांबा, त्याआधी नको
(पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांसाठी चालण्याचा व्यायाम)

थोडं चाललं की पोटरी भरून येते, उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी होते आणि पुन्हा साधारण तेवढ्याच अंतरावर तेच. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं हे नेहमीचं लक्षण. (बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच आराम पडत असेल तर दोष बहुधा कण्यात असतो, त्याचे व्यायाम वेगळे.) खात्रीसाठी घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९० किंवा कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक झाल्या असतील तर हा आकडा खोटाच चांगला येतो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

व्यायामाने अरुंद धमनी रुंद होत नाही. पण पोटरीचा स्नायू मिळेल तेवढा प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतो, रक्तवाहिन्या गरजेला अधिक सैल होतात आणि चालण्याची ढबही सुधारते. म्हणून दुखण्याशिवायचं अंतर वाढतं.

पद्धत अशी. आधी ५ मिनिटं सावकाश चाला. मग दुखणं ० ते ४ या मापात मोजत वेग वाढवा: १ म्हणजे नुकतं जाणवू लागलं, ४ म्हणजे पाऊल टाकवत नाही. २ ते ३ ला पोहोचलात की थांबा. दुखणं पूर्ण जाईपर्यंत उभे राहा किंवा बसा, मग पुन्हा चाला. चालणं आणि विश्रांती धरून सुरुवातीला ३० ते ३५ मिनिटं, पुढे ४५ ते ५०. आठवड्यातून ३ वेळा, किमान १२ आठवडे. ट्रेडमिलवर ताशी सुमारे ३ किलोमीटरने, चढ न देता सुरू करा. पहिलं दुखणं ३ ते ५ मिनिटांत यायला हवं. न थांबता ८ ते १० मिनिटं जमू लागली की थोडा चढ किंवा वेग वाढवा. कठड्यावर भार टाकून चालू नका. पोटरीचं काम हात करतात आणि आकडे फुगतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या कळीलाच थांबणं. हे दुखणं स्नायूला इजा झाल्याचं नसतं, प्राणवायू कमी पडल्याचं असतं. उलट, दात-ओठ खात ४ पर्यंत रेटलं तर विश्रांती लांबते आणि एकूण चालणंच घटतं. फरक बहुतेकांना ४ ते ८ आठवड्यांत कळतो. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे पुष्कळ असतात. सवय मोडली की मिळवलेलं अंतरही हळूहळू जातं. धूम्रपान चालू असेल तर निम्मी मेहनत वाया. डॉक्टरांनी दिलेल्या गुठळीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या व्यायाम सुरू केला म्हणून बंद करू नका.

मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर दुखण्याच्या मापावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. चालण्याआधी आणि नंतर तळवे, टाचा, बोटांच्या फटी तपासा. अनवाणी चालू नका.

रात्री झोपेत किंवा बसल्या जागी पाय ठणकत असेल, न भरणारी जखम असेल, बोट काळं पडलं असेल, तर हा व्यायाम सुरू करू नका. आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला दाखवा. चालताना छातीत दडपण आलं तर लगेच थांबा. ते ओसरलं नाही तर वैद्यकीय मदत बोलवा. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला तर चोळत बसू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा.