टाकीचं माप : घनफूट, गॅलन आणि लिटर

टाकीत किती पाणी मावतं हे तिच्या लांबी-रुंदी-खोलीवरून काढायचं आणि आलेले घनफूट लिटरमध्ये नाहीतर गॅलनमध्ये बदलायचे, एवढाच हा हिशोब. विदर्भातल्या गावात तो सारखा लागतो कारण मिस्त्री फुटात बांधतो, टँकरवाला लिटरमध्ये पाणी देतो, संत्र्याच्या औषधाचं प्रमाण लिटरवर असतं आणि बाहेरच्या देशातली पंपाची किंवा औषधाची माहिती वाचायला घेतली की मधेच गॅलन येतो. गुणाकार सातवीतल्या पोरालाही जमतो, घोळ होतो तो टेप धरताना आणि गॅलन कुठला हे न बघितल्यामुळे.

मुख्य आकडा एकच, १ घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. रेती-मुरूम ज्या ब्रासात मोजतो तो ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे तेवढ्या जागेत २,८३२ लिटर पाणी बसतं. घनमीटरचं त्याहून सोपं, १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर किंवा ३५.३१ घनफूट. पेपरात धरणाच्या विसर्गाचा जो क्युसेक येतो तोही इथलाच, एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर.

चौकोनी टाक्याला लांबी × रुंदी × खोली. पण माप आतून घ्यायचं, हे कितीदा सांगितलं तरी कमीच, कारण टेप बाहेरूनच लावला जातो. समजा वावरातलं विटांचं टाकं बाहेरून १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि आतून ५ फूट खोल आहे, तर १० × ८ × ५ = ४०० घनफूट म्हणजे ११,३२७ लिटर असं कागदावर येतं. आता भिंत नऊ इंची आहे, दोन्ही बाजूंची मिळून दीड फूट जागा गेली, आत राहिलं साडेआठ बाय साडेसहा, त्याचे झाले २७६ घनफूट म्हणजे साधारण ७,८२० लिटर. वर ओव्हरफ्लोचा पाइप काठापासून सहा इंच खाली असेल तर पाणी साडेचार फुटांवरच थांबतं आणि हातात ७,०४० लिटर येतात. सव्वाअकरा हजारांचं समजून बांधलेलं टाकं सातचं निघतं, आणि बागेला रोज किती पाणी द्यायचं ते त्याच आकड्यावर ठरवलं असेल तर एप्रिल-मेमध्ये झाडं सुकतात.

इंचांचंही तसंच. ४ फूट ६ इंच म्हणजे ४.५ फूट, ४.६ नाही, कारण फुटात इंच बारा. इंचाला १२ ने भागायचं आणि मग फुटात मिळवायचं. ४ फूट १० इंच असेल तर ४.८३.

गोल टाकी असली की व्यासाचा अर्धा घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग ३.१४ ने आणि मग पाण्याच्या खोलीने. विहिरीचा व्यासही आतूनच घ्यायचा, बांधकामाची जाडी सोडून. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, जवळपास ८,९०० लिटर. हा आकडा ज्याला पाठ आहे त्याला पंप तासाभर चालवल्यावर पाणी किती फूट उतरलं एवढ्यावरून पंप किती पाणी फेकतो ते कळतं, फक्त तेवढ्या वेळात झऱ्याने आलेलं पाणी त्यात मोजलं जात नाही हे ध्यानात ठेवायचं.

गॅलन दोन आहेत. अमेरिकन गॅलन २३१ घनइंचांचा, १७०७ मध्ये इंग्लंडात ठरलेल्या वाइनच्या गॅलनवरून आलेला, ३.७८५ लिटर. ब्रिटिश म्हणजे इंपिरियल गॅलन १८२४ च्या कायद्याने आला, १० पौंड पाण्याच्या हिशोबाने, ४.५४६ लिटर. म्हणून १ घनफुटात अमेरिकन ७.४८ गॅलन बसतात आणि ब्रिटिश ६.२३. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली, त्याआधीच्या आपल्याकडच्या कागदात गॅलन दिसला तर तो ब्रिटिश धरायचा, अमेरिकेतून आलेल्या माहितीत अमेरिकन. आपल्याकडे फवारणीला जो २०० लिटरचा ड्रम म्हणतात तो मूळचा ५५ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे २०८ लिटरचा.

फरक कुठे भोवतो ते बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात, दिसतं. वरुड-मोर्शीकडे संत्र्यावर डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आला की एक टक्का बोर्डो करतात, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. अमेरिकन माहितीत हेच ८-८-१०० असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे ८ पौंड मोरचूद, ८ पौंड चुना आणि १०० गॅलन पाणी. अमेरिकन गॅलन धरला तर ३.६३ किलो मोरचूद ३७८ लिटरमध्ये, जवळजवळ एक टक्काच. तोच गॅलन ब्रिटिश समजून ४५४ लिटर पाणी घातलं की मिश्रण ०.८ टक्क्यावर येतं, पैसा आणि मजुरी तेवढीच लागते आणि औषध पातळ पडतं. माझं मत विचाराल तर गॅलन दिसला की आधी तो कुठला हे बघून लिटर करून टाकावेत, पुढचा सगळा हिशोब लिटरमध्येच चालवावा.

शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात म्हणून तिथे सरळ गुणाकार चालत नाही. वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर आणि उतार एकास एक, म्हणजे जेवढी खोली तेवढंच प्रत्येक बाजूने आत, असेल तर तळ राहतो २४ × २४. वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट, या तिघांची बेरीज करून खोलीने गुणायचं आणि ६ ने भागायचं : (९०० + ५७६ + २,९१६) × ३ ÷ ६ = २,१९६ घनमीटर, म्हणजे २१.९६ लाख लिटर. सरळ ३० × ३० × ३ केलं तर २७ लाख येतात, पाच लाख लिटर नुसते कागदावर.

आडवी गोल टाकी, म्हणजे ट्रॅक्टरमागचा टँकर, पूर्ण भरलेला असेल तर वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. अर्धवट असेल तर काठी बुडवून सरळ प्रमाण काढू नका. निम्म्या उंचीला निम्मं पाणी असतं हे खरं, पण पाव उंचीला पाव नसतं, साडेएकोणीस टक्केच असतं, ५,००० लिटरच्या टँकरमध्ये ९८० च्या आसपास. उन्हाळ्यात गावाने टँकरचं पाणी मोजून घ्यायचं असेल तर माहीत असलेल्या मापाच्या ड्रमने पाणी टाकत जायचं आणि प्रत्येक ड्रमला काठीवर खूण करायची, ती काठी मग त्या टँकरला कायम चालते.