शिऱ्याने ताकद येत नाही: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे

कोथरूड असो की हडपसर, पेशंट घरी आला की डबे सुरू होतात: साजूक तुपातला शिरा, पेज, मोसंबीचा रस. "पोटच लहान केलंय, थोडं थोडं खाऊ दे, ताकद येईल." हा समज चुकीचा आहे आणि घातकही.

स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. तिच्या कडेला स्टेपलची लांब शिवण असते, ती भरून यायला काही आठवडे लागतात. लवकर घन पदार्थ गेला तर अडकतो, उलट्या होतात, शिवणीवर ताण येतो. बायपास (हृदयाची नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) असेल तर शिऱ्यातली साखर थेट आतड्यात उतरते: अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब.

साधारण पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ. नेमका तक्ता तुमच्या सर्जनचाच पाळा. औषधाच्या टोपणाने मोजून घोट घ्या, दिवसभरात दीड लिटरचं लक्ष्य ठेवा. प्रथिनं रोज 60 ते 80 ग्रॅम हवीत. वरणाच्या वरच्या पाण्यात ती जवळजवळ नसतातच. अर्धा लिटर दुधात जेमतेम 16 ग्रॅम. म्हणून प्रोटीन पावडर लिहून देतात, ती टाळू नका.

झोपवूनही ठेवू नका. पायात गुठळी होऊ नये म्हणून घरातल्या घरात दर तासाला फेरी हवी.

नाडी सतत 120 च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, डावा खांदा दुखणं, धाप: शिवणीतून गळती होत असल्याची शंका घ्या आणि रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसू नका.