पडद्यावर १०८० लिहून आलं म्हणून चित्र एचडी होत नाही

नागपुरात कोणाकडे नवा टीव्ही आला की आठवडाभरात ओळखीतल्यांपैकी कोणाचा तरी फोन येतोच: "काय जी, एवढे पैसे मोजले अन् जुन्यापेक्षा खराब दिसून राहिलं!" तक्रार खरी असते, निदान मात्र दरवेळी चुकतं. कंपनी फालतू, पॅनेल चायनाचं, दुकानदारानं दाखवला एक आणि दिला दुसरा. यातलं बहुधा काहीच घडलेलं नसतं. टीव्ही एचडी (हाय डेफिनिशन, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा) असतो, त्यावर लागलेलं चॅनेल एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन, म्हणजे जुन्या साध्या दर्जाचं) असतं. हे सांगायला गेलं की समोरचा रिमोट उचलतो, माहितीचं बटण दाबतो आणि कोपऱ्यात उमटलेलं "१०८०आय" दाखवतो. "हे पाहा नं भाऊ, एचडीच तं आहे." या एका आकड्यानं जितके लोक फसलेत तितके दुकानदारांनीही फसवले नसतील.

ठिपक्यांचे आकडे एकदा सांगून टाकतो, बहुतेकांना ते ठाऊक असतात. आपल्याकडचं एसडी चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ५७६ आडव्या ओळी, प्रत्येकीत ७२० ठिपके, एकूण ४,१४,७२०. फुल एचडी १९२० × १०८०, एकूण २०,७३,६००. बरोबर पाचपट. ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्यावर तोच हिशेब वीसपटीवर जातो. ३२ इंची टीव्हीच्या खोक्यावर "एचडी रेडी" लिहिलेलं असेल, तर पडदा सहसा १३६६ × ७६८ चा असतो, फुल एचडीच्या जेमतेम निम्मा. इथवर कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते पुढे. माहितीच्या बटणानं दिसणारा आकडा चॅनेलचा नसतो. सेट टॉप बॉक्स वायरीतून टीव्हीकडे जे चित्र पाठवतो, त्याच्या ओळींचा तो आकडा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एकदा १०८० ठेवलं की बॉक्स प्रत्येक चॅनेल १०८० ओळींत ताणून पाठवतो, मग आत आलेलं चित्र ५७६ ओळींचं का असेना. टीव्ही बिचारा जे हाती आलं त्याचं माप सांगतो. हाती येण्याआधी ते किती होतं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

या ताणण्याला अपस्केलिंग म्हणतात. घरात कोणी गेलं आणि एकच पासपोर्ट फोटो सापडला, तर फोटोवाला तोच मोठा करून फ्रेमला लावून देतो. फोटो भिंतीएवढा होतो, पण मूळ फोटोत नसलेली सुरकुती त्यात येत नाही. फार तर फोटोवाला भुवया जरा रेखून देईल. अपस्केलिंग यापलीकडे जात नाही. शेजारच्या दोन ठिपक्यांचा रंग पाहून मधल्या ठिपक्याचा रंग ठरवायचा आणि कडा जराशा उठावदार करायच्या. हल्लीच्या महाग टीव्हींत "एआय अपस्केलिंग" असतं. ते अंदाज जास्त हुशारीनं बांधतं, एवढंच. पैठणीच्या काठावरचा मोर एसडी चित्रात नुसता हिरवा डाग होऊन आला असेल, तर तो परत मोर होत नाही.

म्हणजे अपस्केल केलेलं एसडी आणि खरं एचडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपक्यांची संख्या दोन्हींत सारखी, पण एकातले ठिपके कॅमेऱ्यानं पाहिलेले असतात आणि दुसऱ्यातले बहुतेक बॉक्सनं किंवा टीव्हीनं भरलेले. मला या लेखात सांगायचंय ते हेच. बाकीचं तोंडी लावायला.

खरं एचडी टीव्हीपर्यंत पोचायला वाटेतल्या सगळ्यांनी साथ द्यावी लागते. चॅनेल एचडी हवं. ते वेगळ्या क्रमांकावर असतं आणि बहुतेक वेळा नावामागे एचडी लिहिलेलं असतं. झी मराठी आणि झी मराठी एचडी ही दोन वेगळी चॅनेलं आहेत, पैसेही वेगळे. बॉक्स एचडी हवा. एसडी बॉक्सला एचडीएमआयचं, म्हणजे एचडी चित्र नेणाऱ्या वायरीचं भोक असलं तरी तो एसडीच राहतो. आणि वायर एचडीएमआय हवी. नागपुरातल्या कित्येक घरांत नव्या ५५ इंची टीव्हीला जुनी पिवळी-लाल-पांढरी तीन पिनांची वायर लावलेली मी पाहिली आहे, कारण बॉक्स बसवणाऱ्या पोरानं पिशवीतून तीच काढली. त्यातली पिवळी पिन चित्राची, आणि तिच्यातून एसडीच्या वर काही जातच नाही. एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि चित्र पिवळ्या पिनेत गुदमरू द्यायचं! टीव्हीच्या मागे हात घालून एकदा बघाच.

आणखी एक घोळ जुना आहे. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यांत नागपूरही होतं, आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हा घरोघरी बॉक्स आले, मुंग्या गेल्या, चित्र स्वच्छ झालं. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात बसलंय की डिजिटल म्हणजे एचडी. नाही. त्या बॉक्समधून येणारी बहुतेक चॅनेलं तेव्हाही एसडी होती, फक्त डिजिटल एसडी. मुंग्या गेल्या, ठिपके तेवढेच राहिले.

मग ओळखायचं कसं? माहितीचं बटण विसरा आणि चित्राकडे बघा. एकच चॅनेल एसडी आणि एचडी दोन्हींत मिळत असेल, तर तोच कार्यक्रम चालू असताना दोन्ही क्रमांकांवर ये-जा करा. चेहऱ्याचा क्लोजअप बघू नका, तिथे एसडीसुद्धा बरं दिसतं. केस बघा, गवत बघा, दूरवरची गर्दी बघा. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असेल तर कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरताना थांबा. एचडीत माणसं वेगळी ओळखू येतात, एसडीत रंगीत रांगोळी सांडल्यासारखं होतं. खाली सरकणाऱ्या पट्टीतल्या बारीक अक्षरांच्या कडाही खरं सांगतात.

इथे एक उपघोळ आहे, आणि तो हुशार लोकांचा होतो. चॅनेल एचडी, बॉक्स एचडी, वायर एचडीएमआय, तरी चित्र पुसट. कारण कार्यक्रमच जुना. नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली मालिका एचडी चॅनेलवर लागली, तर ताणण्याचं काम चॅनेलवाल्यांनी आधीच केलेलं असतं. टेपवर मुळातच तेवढ्याच ओळी होत्या. सिनेमाचं उलट आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एचडीहून पुष्कळ जास्त बारकावे मावतात, त्यामुळे निगेटिव्ह नीट स्कॅन केली की जुना सिनेमा खराखुरा एचडी होतो. १९५५ च्या 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ च्या आगीत होरपळली होती, तरी २०१५ साली तो ४के मध्ये नव्यानं तयार झाला. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा तीस वर्षांपूर्वीच्या मालिकेपेक्षा टवटवीत दिसला तर टीव्हीला दोष देऊ नका.

आणि सगळं एसडी एकसारखंही नसतं. आपल्याकडची डीव्हीडीसुद्धा ७२० × ५७६ चीच, पण चांगली डीव्हीडी केबलवरच्या एसडी चॅनेलपेक्षा कितीतरी सुबक दिसते. डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत जागा वापरता येते. चॅनेलवाले एका वाटेत डझनावारी चॅनेलं कोंबायची म्हणून चित्र दाबून दाबून पाठवतात. धावपळीच्या दृश्यात जे चौकोनी तुकडे दिसतात ते या दाबण्याचे, ठिपके कमी असल्याचे नव्हेत.

आता जुन्या टीव्हीवर चांगलं का दिसायचं? डब्याच्या टीव्हीत ठिपक्यांची ठरलेली चौकट नव्हती. किरण आडव्या ओळी मारत जायचा आणि कडा आपोआप मऊ व्हायच्या. एसडी त्याच पडद्यासाठी घडलं होतं: एका चित्राच्या ओळी दोन खेपांत, आधी विषम मग सम, सेकंदाला पन्नास खेपा. सपाट पडद्याला त्या दोन खेपा जुळवून एक चित्र करावं लागतं, मग ते ताणावं लागतं, आणि दोन्हींत थोडं थोडं निसटतं. शिवाय आकार. जुना २१ इंची आणि नवा ४३ इंची यांच्या पडद्याच्या क्षेत्रफळात साडेतीन पटींहून जास्त फरक आहे. तेच ठिपके तेवढ्या जागेवर पसरले तर दोष दिसणारच.

त्यात भर म्हणजे दुकानातलं सेटिंग. सीताबर्डीला किंवा सदरला दुकानात शिरलात की भिंतभर टीव्हींवर पोपट, धबधबे आणि संत्र्याची फोड फिरत असते. ते पेन ड्राइव्हवरचं ४के आहे. तुमच्या घरी रोज पोपट लागणार नाहीत. दुकानदाराला स्वच्छ सांगा, "दादा, साधं एसडी न्यूज चॅनेल लावा." तो कुरकुरेल, लावा म्हणा. ज्या टीव्हीवर एसडी सुसह्य दिसतं, तो घ्या.

घरी आल्यावर "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोड बंद करून "सिनेमा" नाहीतर "स्टँडर्ड" ठेवा, आणि शार्पनेस खाली आणा. लोक शार्पनेस वाढवतात. वाढवल्यानं बारकावा येत नाही, फक्त प्रत्येक कडेला पांढरी किनार येते आणि दाबलेल्या चित्रातली घाण वर येते. एसडीसाठी मी तो शून्याजवळ ठेवतो. बॉक्समध्ये "ओरिजिनल" असं आउटपुट मिळत असेल तर तेच निवडा. ताणायचं काम बॉक्सपेक्षा टीव्हीनं केलेलं बहुधा बरं, त्यातली चिप चांगली असते.

चित्राच्या आकाराबद्दल थोडक्यात, कारण याचा राग जास्त आहे आणि गुंता कमी. रुंद चित्र म्हणजे एचडी असं नाही. ४:३ आणि १६:९ (रुंदीचं उंचीशी प्रमाण) दोन्ही आकारांचं एसडी त्याच ७२० × ५७६ ठिपक्यांत येतं, रुंदी दाखवताना बदलते. १९८७ च्या 'रामायणा'सारखी जुनी मालिका ४:३ मध्ये आहे, तर दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. पण लोक "पैसे पूर्ण पडद्याचे दिले नं!" म्हणून चित्र ताणतात आणि राम, लक्ष्मण, सीता सगळे बसके, गालफुगे होतात. मला हे बघवत नाही. कोणाकडे गेलो आणि रिमोट हाती लागला तर गुपचूप आकार बदलून येतो. एलसीडी-एलईडी पडद्याला काळ्या पट्ट्यांनी काही होत नाही.

राहता राहिले पैसे. डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. या हिशेबानं ४३ इंची पडद्यावरच्या एसडीच्या ओळी सुमारे साडेदहा फुटांपलीकडे वेगळ्या दिसेनाशा होतात, ३२ इंचीवर आठ फुटांच्या आसपासच. म्हणजे बेडरूममधल्या ३२ इंचीवर आठ-नऊ फुटांवरून आई मालिका बघत असेल, तर तिच्यासाठी एचडी पॅक घेणं म्हणजे केबलवाल्याला देणगी. २०१९ साली ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) नवी दरपद्धत आली, तेव्हा १३० रुपयांच्या नेटवर्क शुल्कात १०० एसडी चॅनेलं बसत आणि एक एचडी चॅनेल दोन एसडींची जागा खात असे. चॅनेलची किंमत वेगळीच. त्यामुळे सरसकट एचडी पॅक घेऊ नका. क्रिकेटचं एचडी घ्या, हॉलमधला टीव्ही मोठा असेल आणि सोफा जवळ असेल तर रोजच्या एक-दोन मराठी चॅनेलांचं घ्या. बातम्यांचं मुळीच घेऊ नका. अर्धा पडदा तिथे पट्ट्यांनी भरलेला असतो, आणि उरलेल्या अर्ध्यात भांडणाऱ्यांचे चेहरे आणखी स्पष्ट दिसून कोणाचं भलं झालेलं नाही.