चाळिशी का लागते? (आमच्या ग्राहकांसाठी)

"ठाणे स्टेशनच्या पुलावरून इंडिकेटर लख्ख दिसतो, पण हातातल्या पासवरची तारीख वाचता येत नाही." आमच्या नौपाड्यातल्या दुकानात ही तक्रार जवळजवळ रोजची. वय विचारलं की बेचाळीस, चव्वेचाळीस. उगाच नाही या चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' म्हणत!

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग तिच्या जागी नवी येते. बहुतेक पेशी आतली जुनी प्रथिनंही मोडून नवी बनवत असतात. डोळ्यातल्या भिंगात मात्र तसं होत नाही. जांभळी नाक्यावरून आणलेला कांदा चिरून बघा, भिंगही तसंच थराथरांचं. फक्त कांद्याचा नवा थर आतून येतो, भिंगाचा बाहेरून चढतो, आणि जुना टाकला न जाता आत दाबला जातो. प्रकाश आरपार जावा म्हणून या पेशी आपलं केंद्रकच मोडून टाकतात. मग नवं प्रथिन बनवणार कोण? त्यामुळे भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिनं तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाची आहेत. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी या प्रथिनांतला किरणोत्सारी कार्बन मोजून माणसाचं जन्मसाल ताडता येतं, असं दाखवलं.

असं साठत साठत भिंग कडक होतं आणि जवळचं बघताना हवं तेवढं फुगत नाही. पंचेचाळिशीच्या आसपास अधिक एक, साठीपर्यंत अधिक अडीच, असा नंबर साधारण चढतो. "चष्मा लावला म्हणून वाढला" हे खरं नाही. न लावताही वाढतोच, वर डोकं दुखतं ते वेगळं.

मोतीबिंदूचं मूळही याच प्रथिनांत. अल्फा क्रिस्टॅलिन बिघडलेल्या प्रथिनांना सावरून धरतं, गोळे होऊ देत नाही. वयाबरोबर ते कमी पडतं. मग अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर जसा अपारदर्शक होतो, तसं काहीसं होतं. मधुमेह आणि धूम्रपानाने हे लवकर घडतं. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, तसल्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडेच जा, आम्ही फक्त नंबर तपासतो.

येताना जुना चष्मा आणा. शिवणकाम करत असाल तर सुईत दोरा ओवताना हात जिथे धरता ते अंतर टेपने मोजून आणा. पुस्तकाचं अंतर वेगळं, लॅपटॉपचं त्याहून वेगळं, आणि नंबर त्यावर बदलतो.