डिजिटल व्हॉइस आणि एसडीआर: सगळं कोडेकपाशीच अडलं होतं

हॅम बँडवरच्या, म्हणजे हौशी रेडिओवरच्या, डिजिटल आवाजाचा विषय निघाला की लोक मॉड्युलेशनबद्दल, म्हणजे बिट रेडिओलहरींवर चढवायच्या पद्धतीबद्दल, बोलत बसतात, पण माझ्या मते खरी भानगड कोडेकची, म्हणजे आवाज दाबून थोड्या बिटमध्ये बसवणाऱ्या आणि परत उलगडणाऱ्या भागाची आहे. २००१ मध्ये जपानमधून डी-स्टार या डिजिटल व्हॉइस पद्धतीचं स्टँडर्ड आलं, मॉड्युलेशन जीएमएसके, सेकंदाला ४८०० बिट, त्यातले २४०० आवाजाचे, १२०० चुका दुरुस्त करायला आणि उरलेले १२०० डेटाला. प्रोटोकॉल खुला, कुणीही वाचा. पण आवाज दाबायला घेतला एएमबीई नावाचा कोडेक, तो तेव्हा पेटंटखाली आणि चिपमध्ये बंद.

यावरून जे वाद झाले ते आजही मिटलेले नाहीत. एएमबीईची बाजू घेणारे म्हणतात की तेव्हा एवढ्या कमी बिटरेटला समजेल असं बोलणारं दुसरं काय होतं, आणि त्यात तथ्य आहे, खुला पर्याय खरंच नव्हता. कुणी तर बंद कोडेक म्हणजे एन्क्रिप्शनच, मुद्दाम कुलूपबंद केलेला आवाज, असंही म्हणायचे, ते मला पटत नाही, चिप विकत घेतली की कुणालाही ऐकता येतंच. पण स्वतः बनवून बघायचं हाच ज्या छंदाचा जीव, त्यात मधला एक डबा उघडायचाच नाही हे चुकलंच. नंतर डीएमआर आणि फ्यूजन या डिजिटल व्हॉइस पद्धतीही त्याच घराण्याचा कोडेक घेऊन आल्या, म्हणजे तो निर्णय सगळ्यांनाच भोवला.

एसडीआरवाल्यांना, म्हणजे रेडिओचं काम सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांना, हे जास्त टोचलं. त्यासाठीचं खुलं सॉफ्टवेअर जीएनयू रेडिओपण २००१ चंच, आणि २०१२ मध्ये टीव्हीच्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्चे आयक्यू सॅम्पल, म्हणजे पकडलेल्या सिग्नलचे आकडे, मिळतात हे कळल्यावर तर रिसीव्हर प्रत्येकाच्या हातात आला. फिल्टर, डिमॉड्युलेशन (सिग्नलमधून बिट काढणं), फ्रेम सिंक (बिटचे गट कुठे सुरू होतात ते शोधणं) सगळं कोडमध्ये, आणि शेवटी आवाज काढायला मात्र तीच चिप यूएसबीला लावा! सॉफ्टवेअर डिकोडर आले होते, पण पेटंटची टांगती तलवार होतीच.

गाठ सुटली ती कोडेक टू या खुल्या कोडेकमुळे. २०१२ मध्येच त्यावर एचएफसाठी (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह बँडसाठी) फ्रीडीव्ही हे सॉफ्टवेअर आलं, त्याचा २०१८ चा ७००डी मोड तर सेकंदाला ७०० बिटमध्ये बोलतो आणि सिग्नल नॉइजच्या थोडा खाली गेला तरी तग धरतो. व्हीएचएफ-यूएचएफ या वरच्या बँडना २०१९ पासून एम१७ ही पद्धत, मॉड्युलेशन ४एफएसके, सेकंदाला ९६०० बिट, वरपासून खालपर्यंत खुलं. आणि २०२४ पासून फ्रीडीव्हीच्या रेड मोडमध्ये न्यूरल नेटवर्क आवाजातून थेट हवेत जाणारे सिंबॉल बनवतं, कोडेक आणि मोडेम (बिटचा सिग्नल करणारा भाग) वेगळे उरतच नाहीत, दीडेक किलोहर्ट्झमध्ये ८ किलोहर्ट्झपर्यंतचा भरदार आवाज मिळतो, आणि त्याचा सगळा कोड वाचायला, मोडून बघायला मोकळा आहे.