ऋतुचित्रवही

रोजच्या पाहण्यातील झाडे, वस्तू, माणसांची कामे आणि आभाळ यांची जलरंगांतील छोटी चित्रे वर्षभर, ऋतुक्रमाने आणि तारखेसह एकाच वहीत काढीत जाण्याच्या उपक्रमाला ऋतुचित्रवही म्हणता येईल. सुट्या निसर्गचित्राहून ती वेगळी ठरते ती पुनरावृत्तीमुळे. तोच विषय, शक्य तर त्याच जागेवरून, निरनिराळ्या महिन्यांत पुन्हा रंगवला जातो आणि एकेका चित्रात न जाणवणारा बदल पाने शेजारी ठेवल्यावर दिसू लागतो. महाराष्ट्रात अनेकांना जलरंगाची ओळख शाळेत, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने होते. तेथील वस्तुचित्र आणि स्मरणचित्र या दोन्हींचा सराव या वहीत कामी येतो. मात्र येथे विषय कोणी नेमून देत नाही.

सातारा जिल्हा या उपक्रमाला विशेष अनुकूल आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटर असतो. या दोहोंमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. त्यामुळे जावळी किंवा पाटण तालुक्यातील वहीत श्रावणाची पाने भाताच्या हिरव्याने आणि धुक्याने भरलेली असतात, त्याच दिवशीच्या माण तालुक्यातील दहिवडीकडील वहीत मोकळे आभाळ, बाभळी आणि मेंढरांचे कळप येतात. जिल्ह्यातील दोन माणसांनी एकाच वर्षी ठेवलेल्या वह्या म्हणूनच सारख्या होत नाहीत.

विषय निवडताना प्रसिद्ध देखाव्यांचा मोह पडतो, परंतु वही टिकते ती घराजवळच्या विषयावर, कारण तेथे पुन्हा पुन्हा जाता येते. सातारा शहरात राहणाऱ्याला अजिंक्यताऱ्याचा उतार हा असा विषय आहे. वैशाखात तो करपलेल्या तपकिरी रंगाचा असतो, मृगाच्या सरींनंतर घळींच्या कडेने हिरवा होऊ लागतो, आषाढात कित्येक दिवस ढगाआड जातो, कार्तिकात वाळत्या गवताने पिवळसर होतो आणि फाल्गुनाच्या सुमारास त्यावर कधी कधी वणव्याचे काळे पट्टे उमटतात. एवढे सगळे एका खिडकीतून रंगवता येते. परसातील शेवगा, मंडईतील टोपल्या, ओट्यावरचा तांब्या, दारातली वाळवणे यांचीही योग्यता तितकीच आहे. किंबहुना कैऱ्यांच्या फोडी, ओले भुईमूग, हरभऱ्याची जुडी आणि हुरड्याची कणसे अशी स्वयंपाकघरातील पाने पंचांगाइतकीच चोख काळ सांगतात.

जलरंगात रंगद्रव्य डिंकाने बांधलेले असते आणि पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरला जात नाही. उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. म्हणून कागदावर खर्च करावा आणि रंग मोजके ठेवावेत. साधारण ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्यतो सुती लगद्याचा कागद ओला झाल्यावर फारसा सुरकुतत नाही. रंगांत एक थंड (लिंबासारखा) व एक उबदार (केशरीकडे झुकणारा) पिवळा, अल्ट्रामरीन हा निळा, प्रशियन निळा, एक तांबडा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एवढे पुरतात. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून होणारा करडा रंग साताऱ्यात फार लागतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत येतो आणि संगम माहुलीच्या देवळांचा किंवा लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीचा काळा पाषाण त्यात चांगला उतरतो. पावसात भिजलेला दगड गडद व निळसर, उन्हात वाळलेला फिकट व किंचित तांबूस. मिश्रणातील दोन रंगांचे प्रमाण बदलले की हा फरक दाखवता येतो.

ऋतू चित्राच्या विषयात असतो तसाच रंग वाळण्याच्या वेळेतही असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदाच्या टोकाला पोचण्याआधीच वाळतो आणि मध्ये नको असलेली कडक रेघ उरते. त्यासाठी कागद आधी पाण्याने ओलावून घ्यावा, सकाळी लवकर बसावे. आषाढ-श्रावणात याच्या उलट, दमट हवेत थर कितीतरी वेळ ओलसर राहतो आणि त्यावर पाणी पडले तर रंगकण कडेला ढकलले जाऊन फुलकोबीसारखा डाग उमटतो. ओल्यावर ओला रंग सोडण्याच्या पद्धतीला मात्र हेच दिवस उत्तम. यवतेश्वराच्या घाटातील धुके अशा संथ वाळणाऱ्या कागदावर जितके मऊ येते तितके उन्हाळ्यात येत नाही.

पावसाळ्यातील खरी परीक्षा हिरव्याची असते. तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा पोपटी, लावणीनंतर गडद होत जाणारे भात, उसाचा निळसर हिरवा आणि आंब्याचा जुना हिरवा हे ट्यूबमधील एकाच तयार हिरव्याने रंगवले तर पान निर्जीव होते. प्रत्येक हिरवा पिवळ्या-निळ्यातून स्वतंत्र मिसळावा. बेंदराला कुंभारांकडे मिळणारे मातीचे बैल हा याच काळातला, घरात बसून काढण्याजोगा सुरेख विषय. भाद्रपदाच्या सुमारास कासचे पठार फुलते. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे हे जांभ्याचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा यांचे पट्टे ओल्या कागदावर मोहक दिसतात. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तेथे फुले तोडू नयेत, फुलांच्या ताटव्यात बैठक मांडू नये. वाटेवर उभे राहून पेन्सिलीने टिपण करावे आणि रंग नंतर भरावेत.

हिवाळा ऊसतोडीचा. तुरे आलेले फड, तोडकऱ्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या, गुऱ्हाळातील रस उकळण्याच्या काहिलीवरची वाफ हे विषय हलते असल्याने आधी आकृतीची बाह्यरेषा वेगाने घ्यावी लागते. काम करणाऱ्या माणसांचे चित्र काढण्यापूर्वी त्यांना विचारणे ही साधी रीत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पुढे काटेसावर, पळस, पांगारा आणि उन्हाच्या तडाख्यात बहावा असा फुलांचा क्रम वहीला आपोआप मिळतो.

जिल्ह्यात चित्रकलेची जाण वाढवणारे मोठे ठिकाण म्हणजे खटाव तालुक्यातील औंध. तेथील संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आजही पाहता येते. शेजारच्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान यांनी तेथील परिसराची निसर्गचित्रे रंगवली. घराजवळचा विषय किती खोल जाऊ शकतो हे त्यांच्या कामात दिसते.

वही जपताना साताऱ्याच्या पावसाचा विचार करावा लागतो. रंगातील डिंक आणि कागदावरील खळ यांवर दमट हवेत बुरशी धरते, म्हणून पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. अलिझरिन क्रिमझनसारखे काही तांबडे रंग उजेडाने फिके पडतात. त्याऐवजी क्विनाक्रिडोन वर्गातील रंग घेतल्यास तेरडा अधिक काळ टिकतो. तारीख, वेळ, जागा आणि हवा यांची नोंद पेन्सिलीने किंवा पाण्याने न फुटणाऱ्या शाईने चित्राखालीच करावी. आंब्याला मोहर कधी आला, पहिला पाऊस कोणत्या दिवशी झाला, ओढा कधी आटला हे त्या ओळींवरून पुढच्या वर्षीच्या पानाशी ताडून पाहता येते.